उजव्या नाकाची नथ

मालविका आठल्ये चिडली की आधी तिच्या हातातली पकड थांबते आणि मग तोंड सुरू होतं. काशीत ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ आहे. खिडकीखालून जाताना तार वाकवल्याची बारीक कटकट ऐकू येत असेल तर खुशाल हाक मारावी, चहाची वेळ असेल तर वरही जावं. कटकट बंद असेल तर मान खाली घालून, वाटेत सांड बसला असला तरी त्याला वळसा घालून, मुकाट पुढं निघावं.

आणि चिडायला बाईला कारणंही थोडीथोडकी नाहीत. युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकली, एका शाळेत ड्रॉइंग टीचर झाली, मुलींना कमळ काढायला शिकवता शिकवता कमळाचा वीट आला तेव्हा नोकरी सोडून घरी दागिने घडवायला बसली. त्या दिवशी आठल्यांच्या घरी सुतक असल्यासारखी माणसं भेटायला आली. पगाराची नोकरी! सोडली! आता घरी बसून काय, तर मणी ओवणार!

तेव्हापासून गल्लीच्या लेखी ती 'घरीच असते'. घरीच असते म्हणून शेजारच्यांची कुरिअर तिनं घ्यायची. घरीच असते म्हणून कुणाच्या मंगळसूत्राची कडी, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू, एकदा तर कुणाच्या सँडलचं बक्कल तिच्यापुढं येऊन पडलं. नवरा देवव्रत बँकेत. त्याचे साहेब एकदा जेवायला आले आणि टेबलावर मांडलेले झुमके बघून म्हणाले, "भाभीजी की हॉबी बढ़िया है."

"हॉबीनं पाठ धरत नाही," मालविका म्हणाली, आणि साहेबांना दुसरी पुरणपोळी वाढायची राहून गेली ती राहूनच गेली.

सगळ्यात मोठा छळ म्हणजे घरचा भाव. हा भाव कुठल्या बाजारात ठरतो ते विश्वेश्वरालाच ठाऊक. जे बाहेरच्या दुकानात किमतीची चिठ्ठी न वाचता पैसे मोजतात, तेच तिच्याकडे आले की, "अगं, आपल्यात काय असं?" म्हणतात. आपल्यात काय असं! चांदी आपल्यात म्हणून स्वस्त मिळत नाही, मोती आपल्यात म्हणून फुकट येत नाहीत, आणि डोळे तर मुळीच कुणी परत देत नाही.

तर अशा या बाईनं नथ केली. नेहमीची नथ नव्हे. बनारसची गुलाबी मीनाकारी जगभर जाते, आणि नथ आपली, मराठी. पण या दोघींची सोयरीक जुळवायचं तिच्या डोक्यात आलं ते घाटावर बसल्या बसल्या. बांधून ठेवलेल्या होड्या बघत होती. होडीचा तळ वर वळत जातो तो बाक आणि नथीचा बाक एकच. मग तिनं नथीची होडीच केली. नाकातून निघावी, ओठांवरून अलगद वळावी आणि तिचं टोक डाव्या गालाकडे उचललेलं असावं. काठावर मोत्यांची ओळ, टोकावर गुलाबी मीन्याचं कमळ. मोत्याला जागा हवी म्हणून कमळाची एक पाकळी तिनं मुद्दाम कमी ठेवली.

मीन्याचं काम गायघाटाच्या प्रल्हादजींचं. चांदीच्या पत्र्यावर आधी पांढरा मीना भाजायचा, मग त्यावर केसाएवढ्या कुंचल्यानं गुलाबी रंगवायचा आणि पुन्हा भट्टीत. आच जराशी चढली की गुलाबी उडून जातो आणि सगळं मुसळ केरात. प्रल्हादजींनी कागदावरचं चित्र आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाले,

"बहिनजी, नाक पे नाव? डूबेगी."

"डूबेगी नहीं, गाल पे लगेगी. आप कमल सँभालिए."

पहिली नथ तयार झाली आणि योग असा की त्याच आठवड्यात प्रभावतीकाकू जिना चढून वर आल्या. प्रभावतीकाकू म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. कधीपासून, ते विचारू नये. त्यांना निवडून देणारं कुणी आता हयात नसावं. त्या धापा टाकत पलंगावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि समोरची नथ उचलून नाकाला लावली.

"अगो, होडी की काय ही?"

"होडीच."

"नवलच आहे बाई." आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "ऐक मालू. अहिल्याबाई घाटावर उत्सव आहे ना, त्यात आपल्या मंडळाला बोलावलंय. मंगळागौरीचे खेळ. सगळ्या बायकांना नऊवारी आणि सगळ्यांच्या नाकात हीच नथ! एकसारखी! आणि मी माइकवरून सांगणार हं, नथींची कल्पना आणि कारागिरी, मालविका आठल्ये."

आता इथं मालविका घसरली. इतकी वर्षं तिचं नाव माइकवरून कुणी घेतलं नव्हतं. शाळेत असताना घेतलं होतं, तेही 'मालविका मॅडम, स्टाफरूममध्ये या' म्हणून. काकूंच्या त्या एका वाक्यानं तिच्या मनात दिवा लागला. तिनं स्वतःहून, न मागता, घरचा भाव सांगितला! वर पहिल्या खेपेची कमळं भाजायला प्रल्हादजींना निरोपही धाडला. काकू खूष होऊन जिना उतरल्या.

दोन दिवसांनी अमृतराव घाटावर खेळांचा सराव होता. मालविका नमुन्याची नथ घालून गेली. तिची नणंद रुची तिथं होतीच. रुची कॉल सेंटरात नोकरी करते, तिचं मराठी आईशी आणि हिंदी उरलेल्या जगाशी, आणि फोन हातातून सुटला तर तिला चक्कर येते. तिनं वहिनीच्या गालाला गाल लावला आणि सेल्फी काढला.

"रुचे, हे काय? मंडळाच्या फलकावरची अक्षरं पाठमोरी आलीत."

"वहिनी, सेटिंग है ऐसी. आरशात दिसते तशीच मी फोटोत दिसायला हवी, नाहीतर मला माझाच चेहरा अजनबी वाटतो."

"आणि नथ उजवीकडे गेली ती?"

"अरे, तो क्या हुआ! किती मस्त दिसतेस बघ." आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पडलासुद्धा. खाली बदामांचा पाऊस.

त्यानंतर काकूंचा फोन उचलला जाईना. मालविकाला वाटलं, कामात असतील. घाटावर भेटल्या तर त्यांना अचानक बिंदुमाधवाच्या आरतीची घाई. एक दिवस मात्र निरोप आला, मोबाइलवर, गुलाबाच्या फुलासकट:

'मालू, नथींची सोय झाली हं. आपल्याला एक छान प्रायोजक मिळाले आहेत. तू टेन्शन घेऊ नकोस. फक्त कार्यक्रमाला जरा लवकर ये. बायकांना नथी नीट लावून द्यायला तुझ्यासारखं कुणी नाही.'

कटकट थांबली. खालून भाजी घेऊन जाणाऱ्या दोघी उंबऱ्याआड सरकल्या.

"नथी लावून द्यायला! मी! म्हणजे मी आता नाकं पकडायची यांची!"

देवव्रत वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "जाऊ दे गं, आपलीच माणसं आहेत."

"आपलीच आहेत म्हणूनच तर! परक्यानं केलं असतं तर पोलिसांत गेले असते. आपल्यांनी केलं की काय करायचं? हळदीकुंकवाला जायचं?"

"मग जाऊच नकोस कार्यक्रमाला."

"जाणार! लवकर जाणार! माझी नथ माझ्या नाकात घालून जाणार. बघू दे कोण मला कुठल्या नथी लावायला सांगतं ते."

अहिल्याबाई घाटावर कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून गर्दी. वरच्या एका खोलीत बायका नऊवारी नेसत होत्या. प्रायोजक म्हणजे गोदौलियाकडच्या रस्त्यावर नवं काचेचं दुकान थाटलेला ऋतुराज. आम्ही त्याला काचवाला म्हणतो. त्याचा माणूस मखमली डबा ठेवून गेला होता. काकूंनी डबा उघडला.

डब्यात मालविकाच्या होड्या होत्या.

नुसत्या होड्या नव्हेत, त्याच होड्या. तोच बाक, तीच मोत्यांची ओळ, टोकावर तेच कमळ. आणि कमळाला एक पाकळी कमी! मोती प्लास्टिकचे, त्यांना जागा लागत नव्हती, तरी पाकळी मात्र इमानेइतबारे कमी ठेवलेली. मीना म्हणाल तर नेलपॉलिश. मालविकाच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. ती बोलणार, एवढ्यात खोलीत भलताच गोंधळ उडाला.

पहिलीनं नथ डाव्या नाकाला लावली आणि होडी थेट तोंडात गेली. दुसरीनं फिरवून लावली, तर कमळ गालाशी तोंड खुपसून बसलं आणि जगाला दिसायला लागल्या नुसत्या तारा. आधी जी ती आपल्या नाकाला दोष देत होती.

"माझं नाकच मेलं चपटं."

"थांब, जरा दाबून बसव."

"दाबून काय बसव? बोलायला तोंड उघडलं की होडी दातांत येते!"

"मग बोलू नकोस, नाच नुसती."

शेवटी कोपऱ्यात काष्टा घट्ट करत बसलेल्या एका आजींनी वर न बघताच सांगितलं, "अगं, ह्या उजव्या नाकाच्या आहेत."

बायकांचे हात नाकाशीच थांबले. मग सगळ्यांनी एकदम मालविकाच्या नाकाकडे बघितलं. तिची होडी कशी डाव्या गालाला टेकून झोकात उभी होती.

काकूंनी काचवाल्याला वर बोलावून घेतलं. तो आला तो सफारी झटकत, हसत. त्याला काही कळेना. त्याच्या लेखी नाक ते नाक. "आंटीजी, डिज़ाइन तो बिलकुल वैसा ही है जैसा आपने भेजा था," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्यानं आपला फोन सगळ्यांसमोर धरला.

फोनात मालविका होती. गालाला गाल लावून रुची. मागे फलकाची पाठमोरी अक्षरं. नथ उजवीकडे.

स्वतःचाच हसरा चेहरा चोराच्या हातात बघणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळावं. मालविका आधी फोनाकडे बघत राहिली. मग काकूंकडे बघितलं. काकू नऊवारीच्या निऱ्या मोजत होत्या.

"तुम्ही पाठवलात, काकू? हा फोटो?"

"अगं, त्यांनी विचारलं कसली हवी, मी म्हटलं अशी. त्यात काय एवढं? फुकट देतायत बिचारे. तुला मेहनत नको पडायला म्हणूनच—"

"मला मेहनत पडू नये म्हणून माझी नथ दुसऱ्याकडून करून घेतलीत!"

"मालू, आता ते सगळं राहू दे. वेळ नाही. तुझ्या हातात कला आहे, पकड आण, जरा वाकवून डावीकडची करून दे."

बघा, माणसाच्या जिभेला हाड नसतं ते असं. मालविकाच्या पिशवीत पकड होती. ती कुठंही गेली तरी असते. तिनं ती काढली. काकूंचा चेहरा उजळला. तिनं ती परत ठेवली.

"एका अटीवर. वेळ लागेल, पण बसेन. माइकवर आधी सांगा, ही नथ कुणाची."

काकूंनी काचवाल्याकडे बघितलं. काचवाला अजूनही हसतच होता. खाली त्याच्या नावाचा केवढा तरी फलक लागलेला होता. "असं कसं, मालू! प्रायोजकांसमोर शोभा होईल."

"मग उजव्या नाकात घाला आणि नाचा."

ती खाली आली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. रुची शेजारी येऊन, "वहिनी, सॉरी, मुझे सच में पता नहीं था," म्हणून मुळूमुळू रडत होती. मालविकानं तिला रुमाल दिला आणि समोर बघत राहिली.

आणि काय सांगावं, बायका खरंच उजव्या नाकात घालून आल्या! चापाच्याच नथी, टोचायचा प्रश्न नव्हता. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, पिंगा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवरून काचवाल्याचं नाव इतक्यांदा घेतलं गेलं की समोरच्या होडीतल्या नावाड्यालाही पाठ झालं असेल. मालविकाचं नाव एकदाही नाही.

इथवर झालं ते गिळताही आलं असतं. पण कार्यक्रम संपल्यावर लोकल चॅनेलची एक मुलगी माइक घेऊन काकूंना सामोरी आली. मुलगी चौकस निघाली. "आंटी, हमने तो महाराष्ट्र में नथ बाईं तरफ देखी है. आप सब दाईं तरफ?"

दुसरी कुणी असती तर ततपप झाली असती. प्रभावतीकाकूंनी पदर सावरला, गंगेकडे हात केला आणि सांगितलं, "बेटा, काशी में गंगा मैया उलटी बहती हैं ना, उत्तर की ओर. इसलिए हम काशी की मराठी महिलाएँ नथ भी दाहिनी ओर पहनती हैं. हमारी पुरानी परंपरा है."

मालविका कॅमेऱ्याच्या वायरीपाशी उभी होती. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या पिढ्यान् पिढ्या डाव्या नाकात नथ घालून बोहल्यावर चढल्या, मुंजी केल्या, मणिकर्णिकेवर गेल्या. आणि एका बाईचं नाव घ्यावं लागू नये म्हणून या बाईनं त्या सगळ्यांची नाकं फिरवली! गंगेलासुद्धा साक्षीला ओढलं!

"खोटं आहे हे!" मालविका म्हणाली. मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू होतं.

तो तुकडा पसरला. लोकांना असलं काही तरी हवंच असतं. नातलगांच्या ग्रुपांवर हात जोडलेल्या चिन्हांसकट फिरला, कुणी म्हणालं आमच्या आजीनं सांगितलं होतं असं, कुणी त्यामागचं विज्ञान शोधून काढलं. काचवाल्यानं नथी काचेत मांडून पुढं पाटी ठेवली: 'काशी नथ, प्राचीन परंपरा'. प्राचीन! रुचीच्या फोनाएवढी प्राचीन!

कुणा नातलगाकडून नंबर घेऊन मालविकाला नागपूरहून एका बाईंचा फोन आला. लेकीच्या लग्नासाठी नथ हवी होती.

"पण ती काशीची, उजवीकडची हं."

"तसली काही नसते. नथ डावीकडेच."

"अहो, आम्ही व्हिडिओ बघितलाय. तुम्ही काशीच्याच ना?"

"काशीचीच आहे म्हणून तर सांगतेय."

बाईंनी फोन ठेवला आणि काचवाल्याकडून मागवली. देवव्रत दबकत म्हणाला, "करून दिली असतीस उजवीकडची, काय बिघडत होतं? गिऱ्हाईक तर नाव घेऊन आलं होतं ना तुझं."

"माझी नथ चोरली ती चोरलीच. आता चोरीची नक्कल मीच करत बसू? आणि खाली नाव माझं?" त्या रात्री वरणात मीठ नव्हतं, आणि मागायची त्याची छाती झाली नाही.

प्रल्हादजींनी भाजलेली गुलाबी कमळं डबीत तशीच पडून होती. ते म्हणाले, "रहने दीजिए बहिनजी, मीना बासी नहीं होता."

बासी झाली नाहीतच. कारण प्रभावतीकाकूंच्या नातीचं, मधुराचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, घरी नुसती आई. विहीणबाई मोठ्या हौशी. बोलणी करायला काशीला आल्या, घाटांवर हिंडल्या आणि काकूंच्या बैठकीत बसून म्हणाल्या,

"आमची एकच इच्छा आहे बरं का. तुमचा तो व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवलाय. लग्नात मधुरानं तुमच्या काशीच्या रीतीनं, उजव्या नाकातच नथ घालायची. इतकी जुनी परंपरा आमच्या घरात येतेय, भाग्य आमचं! चापाची नको हं, अस्सल. उजवं नाक टोचून घेऊ दे तिला."

मधुरा आतून चहा घेऊन येत होती, कपबश्या खणखणल्या. विहीणबाई हॉटेलवर गेल्यावर घरात जे झालं ते समोरच्या गच्चीपर्यंत ऐकू आलं.

"आजी! मी नाक टोचून घेणार नाही! एकदा टोचलंय, डावं, बस झालं! परंपरा तुम बनाओ और छेद मैं करवाऊँ?"

"अगं, एवढंसं तर असतं—"

"तर तू टोच तुझं! आणि मला मालूमावशीचीच नथ हवी. ती खरी. ती नाही तर मी लग्नात नथच घालणार नाही, सांगून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मालविकाचा जिना चढल्या. या वेळी धाप जास्त लागली होती. पलंगावर बसल्या, पाणी मागितलं नाही. मालविका तार वाकवत होती. कटकट चालू होती.

"मालू, मधुराचं ठरलं."

"कळलं. आनंद आहे."

"तिच्यासाठी एक नथ कर गं. तुझी ती होडीची."

"करते की." मालविकानं मान वर केली. "कुठल्या नाकाची?"

खाली गल्लीत कोण कोण कसं कसं उभं होतं ते सांगत नाही, पण श्वास सगळ्यांनी रोखला होता.

"डाव्या," काकू पुटपुटल्या.

"पण आपली तर जुनी परंपरा आहे ना? गंगा उलटी वाहते ना?"

"मालू, नको गं आता छळू. त्या बाईला कसं सांगू? एक तूच काहीतरी मार्ग काढ. पोरगी ऐकत नाही, विहीण ऐकत नाही."

"मार्ग आहे की. होता तोच आहे. त्या दिवशीही तोच होता. साखरपुड्याला सगळ्यांसमोर सांगायचं, नथ डावीकडेच घालतात, आणि ही नथ कुणाची. तुमच्या तोंडानं. माइक नसला तरी चालेल."

काकूंनी पदरानं घाम पुसला. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "कर," म्हणाल्या, आणि भिंतीला धरून उतरल्या.

साखरपुडा काकूंच्याच बैठकीत झाला. मालविका डबी घेऊन गेली, पिशवीत पकड होतीच. तिनं मधुराला नथ घातली. होडी ओठांवरून वळली आणि गुलाबी कमळ डाव्या गालाशी उचलून उभं राहिलं. पोरगी अशी काही दिसायला लागली की नवऱ्यामुलाची अंगठी हातातच राहिली. विहीणबाईंच्या कपाळावर मात्र आठी.

"अय्या, पण ही डावीकडे?"

काकूंनी खाकरून घेतलं. पदराशी खेळल्या. "ते काय आहे... नथ डावीकडेच असते. आमच्यातही. त्या दिवशी जरा... उलट्या झाल्या होत्या. फोटोवरून केल्या म्हणून. मूळ नथ ही. मालविकाची."

शेवटचे शब्द लाडू तोंडात असल्यासारखे आले.

"काकू, ऐकू नाही आलं," मालविका म्हणाली.

बैठकीतले सगळे काकूंकडे बघायला लागले. रुचीनं तर फोन खाली ठेवला, म्हणजे बघा.

"मालविका आठल्ये!" काकू एकदम माइकवरच्या आवाजात ओरडल्या. "हिनं केलीय! कल्पना हिची, कारागिरी हिची! मीच फोटो दिला त्या काचवाल्याला, झालं समाधान?"

"कमळ प्रल्हादजींचं," मालविका म्हणाली.

"कमळ प्रल्हादजींचं!"

विहीणबाई आळीपाळीनं दोघींकडे बघत होत्या. इतक्या लोकांना व्हिडिओ पाठवून बसलेल्या बाईचा चेहरा कसा होतो, ते त्या दिवशी बघायला मिळालं. "म्हणजे... ते गंगेचं?" त्यांनी विचारलं.

"गंगा आहे तशीच आहे," काकू म्हणाल्या. "तिचं काही नाही यात."

काचवाल्याला या सगळ्याची खबर लागली तेव्हा त्याला लाज वाटली असेल असं कुणाला वाटत असेल तर तो भाबडा. त्यानं पाटी बदलली एवढंच: 'काशी नथ, दोनों तरफ की मिलेगी'. आजही आहे, जाऊन बघावं.

साखरपुडा आटोपला, लाडू वाटले गेले. मालविका दाराशी बसून मधुराच्या नथीचा आकडा पकडीनं जरासा आत घेत होती, सैल होता. तोंडावर समाधान पसरलं होतं. असं समाधान गल्लीनं तिच्या तोंडावर वर्षानुवर्षांत बघितलं नव्हतं. कटकट मजेत चालली होती. आम्ही सगळे उंबऱ्यात चपला शोधत होतो. तेवढ्यात प्रभावतीकाकू तिच्याजवळ वाकल्या आणि हलक्या आवाजात, प्रेमानं म्हणाल्या,

"मालू, झालं ना तुझ्या मनासारखं? आता नथीला घरचा भाव लावशील ना?"

कटकट थांबली.

ज्याला सापडली त्यानं चप्पल घातली, ज्याला नाही सापडली तो अनवाणीच निघाला.